परवाना परीक्षा नंतरची, आधी पदवीची मान्यता पाहावी

बडोद्यातील एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या कन्येने महाराजा सयाजीराव विद्यापीठातून मानसशास्त्रात एम.ए. पूर्ण केले असून तिला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे रुग्णांचे मानसशास्त्रीय मूल्यमापन व उपचार करणारी तज्ज्ञ, व्हायचे आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या तिच्या मामांच्या सांगण्याप्रमाणे अमेरिकेत २०२६ पासून परवान्यासाठी एकाऐवजी दोन परीक्षा द्याव्या लागणार होत्या, नंतर तो निर्णय मागे घेण्यात आला, आणि आता तिसराच काही आराखडा तयार होत आहे. इकडे एम.फिल. बंद झाल्याचे आणि दूरशिक्षणाने मानसशास्त्र शिकण्यास मनाई झाल्याचे त्यांच्या कानावर आले आहे. सगळे नियम एकदा स्थिर होईपर्यंत मुलीने वर्षभर थांबावे का, आणि तोवर कोणत्या परीक्षेची तयारी करावी, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर असे की तिने थांबू नये, आणि आज कोणत्याही परवाना परीक्षेची तयारीही सुरू करू नये. आपली काळजी मी समजू शकतो, कारण परीक्षेच्या नियमांतील बदलाची बातमी लवकर पसरते आणि पालकांच्या मनात घर करते. परंतु या व्यवसायात प्रवेश मिळणार की नाही हे बहुतेक वेळा परीक्षेच्या पुष्कळ आधी, म्हणजे कोणत्या संस्थेत, कोणती पदवी आणि कोणाच्या देखरेखीखाली घेतली यावरून ठरते. परीक्षा हा त्या वाटेचा शेवटचा टप्पा आहे. पहिल्या टप्प्याचा निर्णय शेवटच्या टप्प्याच्या बातम्यांवरून घेतला की वर्षे वाया जातात, आणि असे गुणी विद्यार्थी मी इतके पाहिले आहेत की ही गोष्ट मला आग्रहाने सांगावीशी वाटते.

प्रथम भारतातील परिस्थिती पाहू. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसाठी आजवर स्वतंत्र परवाना परीक्षा नव्हती. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम १९९२ साली संमत झाला आणि त्याअन्वये परिषदेने केंद्रीय पुनर्वास नोंदवही ठेवली. परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम, मान्य केलेल्याच संस्थेतून उत्तीर्ण व्हावा आणि मग नोंदणीसाठी अर्ज करावा, अशी ही पद्धत आहे. नोंदणी नसताना या क्षेत्रात व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा कायद्यात सांगितल्या आहेत. पुढे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ आला आणि त्याने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणास म्हणावे याची व्याख्याच दिली. पुनर्वास परिषदेने मान्य केलेल्या संस्थेतील या विषयाची मान्य अर्हता, किंवा मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी आणि तिच्यानंतर पूर्ण वेळ दोन वर्षांचे, देखरेखीखालील रुग्णप्रशिक्षणाचा समावेश असलेले एम.फिल., असे त्या व्याख्येचे स्वरूप आहे. म्हणजे केवळ एम.ए. कितीही चांगल्या गुणांनी केले तरी ते या व्याख्येत बसत नाही. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी लागणारा बुद्धिमापनाचा अहवाल असो वा न्यायालयात सादर करायचे मूल्यमापन असो, खाली सही करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक पाहिला जातो, आणि तो नसेल तर अहवाल कितीही काळजीपूर्वक लिहिलेला असला तरी रुग्णाच्या कुटुंबाला पुन्हा पहिल्यापासून धावपळ करावी लागते.

एम.फिल.विषयी आपण जे ऐकले आहे ते अर्धे खरे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.संबंधी जे नवे विनियम काढले, त्यांत एम.फिल. ही पदवी यापुढे देऊ नये असे ठरले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाने विद्यापीठांना एम.फिल.चे प्रवेश थांबवण्यास सांगितले. या सरसकट निर्णयाचा फटका आमच्या क्षेत्राला सर्वाधिक बसला असता, कारण इतर विषयांत एम.फिल. ही संशोधनाची पायरी होती, तर क्लिनिकल सायकॉलॉजीत तीच व्यवसायाची मुख्य अर्हता होती. बंगळूरच्या निम्हान्समध्ये आणि रांचीच्या केंद्रीय मनोचिकित्सा संस्थेत पिढ्यान्‌पिढ्या याच दोन वर्षांच्या प्रशिक्षणातून माणसे घडली आहेत. ही अडचण लक्षात आल्यावर आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्क या दोन विषयांतील एम.फिल.ला २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदत दिली. त्यापुढील काळासाठी पुनर्वास परिषदेने पदवी, पदव्युत्तर आणि सायडी म्हणजे व्यावसायिक डॉक्टरेट अशा पायऱ्यांची नवी रचना पुढे आणली आहे.

या नव्या रचनेत आपल्या कन्येने एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. अभ्यासक्रमाच्या नावात ‘क्लिनिकल’ हा शब्द असणे आणि त्या अभ्यासक्रमाला त्या विशिष्ट संस्थेत, त्या विशिष्ट वर्षासाठी पुनर्वास परिषदेची मान्यता असणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता ही परिषदेच्या मान्यतेची जागा घेऊ शकत नाही. प्रवेश घेण्यापूर्वी परिषदेच्या संकेतस्थळावरील मान्य संस्थांच्या यादीत संस्थेचे नाव, अभ्यासक्रमाचे नेमके नाव, मंजूर जागा आणि मान्यतेची मुदत या चारही बाबी पाहाव्यात, आणि त्या अभ्यासक्रमानंतर नोंदवहीच्या कोणत्या वर्गात नाव लागते हे परिषदेच्या नियमपत्रिकेतच वाचावे. महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत ‘मान्यता प्रक्रियेत आहे’ असे वाक्य असेल तर मी माझ्या नात्यातल्या मुलीलाही तेथे पैसे भरू देणार नाही.

दूरशिक्षणाचा प्रश्न आपल्या घरात उद्भवत नाही, कारण तिची पदवी नियमित वर्गांतील आहे. तरीही हे उत्तर वाचणाऱ्या अनेकांना, विशेषतः संसार सांभाळून पत्रद्वारा एम.ए. करणाऱ्या भगिनींना, त्याची चिंता असेल, म्हणून एवढे सांगतो की विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्यसेवेशी संबंधित काही विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले असून तो आदेश नव्या प्रवेशांविषयी आहे. रुग्णासमोर बसून शिकण्याला पर्याय नाही हे मला मान्य आहे. मात्र या महिलांसाठी संध्याकाळचे किंवा अंशकालीन वर्ग उपलब्ध करून देण्याची जबाबदारी विद्यापीठांनी घेतली पाहिजे, कारण आजच्या अनेक शाळांतील उत्तम समुपदेशक याच वाटेने आलेल्या आहेत.

या बंदीच्या मुळाशी असलेला कायदा मात्र सर्वांनीच समजून घ्यावा, कारण भारतात भविष्यात परवाना परीक्षा आली तर ती त्याच कायद्यातून येईल. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम मार्च २०२१ मध्ये संमत झाला. त्याच्या अनुसूचीत वर्तनविषयक आरोग्यशास्त्रांच्या गटात मानसशास्त्रज्ञ येतात, आणि पुनर्वास परिषदेच्या कक्षेतील क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट त्यातून वगळले आहेत. आजवर ज्यांची कोणत्याही नोंदवहीत दखल नव्हती असे समुपदेशन मानसशास्त्रज्ञ, आरोग्य समुपदेशक आणि वर्तन विश्लेषक या कायद्यामुळे प्रथमच केंद्रीय आणि राज्य नोंदवह्यांच्या कक्षेत आले. कायद्याने या नव्या राष्ट्रीय आयोगाकडे सोपवलेल्या कामांत सामायिक प्रवेश परीक्षा आणि अभ्यासक्रमाच्या शेवटची निर्गम अथवा परवाना परीक्षा यांचाही समावेश आहे. म्हणजे परीक्षेची तरतूद कायद्यात आधीपासून आहे, आणि ती कोणत्या स्वरूपात अमलात येते याकडे आमच्या व्यवसायातील प्रत्येकाने लक्ष ठेवले पाहिजे.

अशा परीक्षेस माझा विरोध नाही. बडोद्यासारख्या शहरात चार आठवड्यांचे प्रमाणपत्र मिळवून दारावर ‘मानसोपचार तज्ज्ञ’ अशी पाटी लावणारे लोक आहेत, आणि आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्या तरुणाला त्यांनी केवळ सकारात्मक विचार करण्याचा सल्ला दिल्याची उदाहरणे माझ्यासमोर आली आहेत. तेव्हा किमान पात्रता तपासणारी यंत्रणा हवीच. पण ती केवळ इंग्रजीतील बहुपर्यायी प्रश्नांची असेल तर तिच्यातून आपल्या रुग्णांच्या उपयोगाचे फार थोडे तपासले जाईल. गुजराती माध्यमात शिकणाऱ्या, घरी मराठी बोलणाऱ्या आठ वर्षांच्या मुलावर बिने-कामत ही बुद्धिमापनाची चाचणी घेताना त्याचे उत्तर भाषेमुळे चुकले की आकलनामुळे, हे ओळखणे ही आमच्या कामातील रोजची कसोटी आहे, आणि ती संगणकाच्या पडद्यावरील चार पर्यायांत मावत नाही.

हाच वाद अमेरिकेत गेली काही वर्षे फार तीव्रतेने चालला, आणि आपल्या मेहुण्यांनी सांगितलेल्या बातमीचे मूळ त्यातच आहे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञाचा परवाना केंद्र सरकार देत नाही. प्रत्येक राज्याचे मंडळ तो देते. या मंडळांची, आणि कॅनडातील प्रांतांच्या मंडळांची, एक सामायिक संघटना आहे आणि ती ई.पी.पी.पी. (एक्झामिनेशन फॉर प्रोफेशनल प्रॅक्टिस इन सायकॉलॉजी) या नावाने ओळखली जाणारी परीक्षा तयार करते. मूळ परीक्षा ज्ञानाची आहे. तिच्यात २२५ बहुपर्यायी प्रश्न असतात, त्यांपैकी १७५ प्रश्नांचे गुण धरले जातात आणि उरलेले ५० पुढील परीक्षांसाठी पडताळून पाहिले जातात. वेळ सव्वाचार तासांचा असतो. गुण २०० ते ८०० या श्रेणीत मांडले जातात आणि स्वतंत्र व्यवसायासाठी ५०० ही शिफारस केलेली उत्तीर्णतेची पातळी आहे. वर्तनाच्या जैविक आधारापासून संशोधनपद्धतीपर्यंत आठ विभाग आहेत, आणि त्यांत मूल्यमापन व निदान तसेच नीती, कायदा व व्यावसायिक प्रश्न या दोन विभागांना प्रत्येकी १६ टक्के, म्हणजे सर्वाधिक, भार आहे.

या परीक्षेला ज्ञान कळते पण कौशल्य कळत नाही, असा आक्षेप घेऊन संघटनेने दुसरा भाग तयार केला. प्रसंग देऊन निर्णय विचारणारे, पडद्यावरील संवाद पाहून उत्तर द्यायला लावणारे प्रश्न त्यात होते. २०२० मध्ये तो सुरू झाला तेव्हा कोणत्या राज्याने तो स्वीकारावा हे राज्यावर सोपवले होते. मग २०२२ मध्ये संघटनेने जाहीर केले की १ जानेवारी २०२६ पासून दोन्ही भाग मिळूनच ही परीक्षा मानली जाईल, म्हणजे दुसरा भाग नको असलेल्या राज्याला पहिलाही वापरता येणार नाही. येथून विरोध वाढत गेला. आधीच्या ६०० डॉलर शुल्कात दुसऱ्या भागाच्या ४५० डॉलरची भर आणि वर परीक्षा केंद्राचे शुल्क, हा कर्जात बुडालेल्या विद्यार्थ्यांवरचा बोजा होता. दुसरा भाग उत्तीर्ण होणारी व्यक्ती प्रत्यक्षात अधिक चांगली सेवा देते याचा पुरेसा पुरावा कोठे आहे, असे संशोधक विचारत होते. न्यूयॉर्क आणि कनेटिकट येथील माहितीवरून पहिल्या भागातच कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक उमेदवारांचे उत्तीर्णतेचे प्रमाण कमी असल्याचे दिसले होते, त्यामुळे आणखी एका परीक्षेने ही दरी रुंदावेल अशी भीती होती. टेक्ससच्या मंडळाने तर हा मक्तेदारीचा गैरवापर असल्याचे सांगत केंद्रीय व्यापार आयोगाकडे दाद मागितली. अखेर २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये संघटनेने २०२६ ची सक्ती मागे घेतली आणि ज्ञान व कौशल्य यांची एकत्र तपासणी करणारी एकच परीक्षा तयार करण्याचा मार्ग धरला.

कौशल्य तपासले पाहिजे हा विचार मला योग्य वाटतो, परंतु त्यासाठी दुसरी संगणकीय परीक्षा हे उत्तर मला कधीच पटले नाही, कारण कौशल्याचा खरा साक्षीदार तो वरिष्ठ असतो जो वर्षभर प्रशिक्षणार्थीच्या मुलाखती ऐकतो, तिच्या नोंदी तपासतो आणि चुकीच्या निदानावर तिला थांबवतो. त्या देखरेखीचा दर्जा सुधारण्यासाठी जो पैसा आणि श्रम हवेत ते परीक्षेकडे वळवले गेले, असे माझे मत आहे.

आता या सर्व घडामोडींचा आपल्या कन्येशी संबंध किती, हे पाहावे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत स्वतंत्र मानसशास्त्रज्ञाच्या परवान्यासाठी पीएच.डी. किंवा सायडी ही डॉक्टरेट अनिवार्य आहे, आणि तीही शक्यतो अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची मान्यता असलेल्या कार्यक्रमातील. भारतातील एम.ए. तर सोडाच, एम.फिल. केलेल्या व्यक्तीलाही त्या राज्यांत थेट परीक्षेला बसता येत नाही. डॉक्टरेटला साधारण पाच ते सात वर्षे लागतात, त्यात एक वर्षाची पूर्णवेळ इंटर्नशिप असते, आणि त्याखेरीज देखरेखीखालील तास भरावे लागतात. कॅलिफोर्निया राज्यात असे ३००० तास लागतात, त्यांतील निदान अर्धे पदवीनंतरचे, आणि वर त्या राज्याच्या कायदा व नीतीची वेगळी परीक्षा असते. म्हणजे आज तिने सर्व अर्ज केले आणि पुढील वर्षी प्रवेश मिळाला, तरी ती परवाना परीक्षेच्या दालनात पोहोचेपर्यंत हे दशक उलटून गेलेले असेल. त्या वेळी परीक्षा एक असेल की दोन, याचा विचार करून आजचा प्रवेश लांबणीवर टाकण्यात काहीच अर्थ नाही.

तिला अमेरिकेत जायचेच असेल तर खर्चाकडे आधी पाहावे. पीएच.डी.च्या अनेक कार्यक्रमांत शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळते, पण जागा अत्यंत थोड्या आणि संशोधनाचा पूर्वानुभव आवश्यक असतो. सायडी बहुतांशी स्वखर्चाने करावी लागते आणि तिचा खर्च मध्यमवर्गीय कुटुंबाने घर गहाण ठेवून उचलावा असा सल्ला मी देणार नाही. तिसरी वाट समुपदेशकाच्या परवान्याची आहे. तेथील मान्य संस्थेतून समुपदेशनात पदव्युत्तर पदवी, त्यानंतर राज्याने ठरवलेले देखरेखीखालील तास आणि समुपदेशकांची राष्ट्रीय परीक्षा, असा तिचा क्रम आहे. या परीक्षेचा ई.पी.पी.पी.शी संबंध नाही. प्रत्यक्ष रुग्णांशी बोलून उपचार करण्याचीच ओढ असेल आणि मानसशास्त्रीय चाचण्या व संशोधन यांत फारसा रस नसेल, तर ही वाट कमी प्रतिष्ठेची समजू नये.

इतर देशांविषयी थोडक्यात सांगतो. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात पदव्युत्तर पदवीवर मानसशास्त्रज्ञ म्हणून नोंदणी होऊ शकते आणि ई.पी.पी.पी. द्यावी लागते, तर क्वेबेकमध्ये डॉक्टरेट लागते पण ही परीक्षा लागत नाही. ब्रिटनमध्ये २००९ पासून ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ ही उपाधी कायद्याने संरक्षित असून तेथे राष्ट्रीय परवाना परीक्षा नाही, प्रशिक्षणाचीच बारकाईने छाननी होते.

माझा सल्ला असा की तिने प्रथम भारतातील मान्य प्रशिक्षणासाठी याच वर्षी अर्ज करावेत आणि ते केवळ गुजरातपुरते मर्यादित ठेवू नयेत. निवड लेखी परीक्षा आणि मुलाखतीने होते. मुलाखतीत पाठांतरापेक्षा तिने रुग्ण पाहिले आहेत का आणि त्यांच्याविषयी ती जबाबदारीने बोलू शकते का, हे पाहिले जाते. म्हणून मधल्या काळात कारेलीबागेतील मानसिक आरोग्य रुग्णालयात किंवा सयाजीराव रुग्णालयाच्या मनोविकार विभागात निरीक्षणाची रीतसर परवानगी मिळते का, याची तिने आपल्या प्राध्यापकांमार्फत चौकशी करावी. घरात मराठी आणि अभ्यासात इंग्रजी असली तरी येथील रुग्ण गुजरातीत रडतात आणि गुजरातीत भांडतात. तेव्हा केवळ व्यवहारापुरती गुजराती न ठेवता झोप, भूक, भीती, संशय, अपराधीपणा यांविषयी लोक नेमके कसे बोलतात हे तिने कान देऊन शिकावे. तिची नोंदणी होईपर्यंत तिने स्वतःस क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेऊ नये, ओळखीच्या लोकांनी आग्रह केला तरी बुद्धिमापनाच्या अहवालावर सही करू नये, आणि शाळेत किंवा संस्थेत समुपदेशक म्हणून काम मिळाले तर तेथे आपल्यावर देखरेख कोण करणार हे वेतनाच्या आधी विचारावे.

आणखी एक काम याच महिन्यात उरकून घ्यावे. परदेशी मूल्यांकन संस्था केवळ गुणपत्रिकांवर समाधान मानत नाहीत. त्या प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, तासांची संख्या आणि प्रात्यक्षिकांचा तपशील मागतात. प्राध्यापक आणि कर्मचारी ओळखीचे आहेत तोवर विभागातून हे सर्व शिक्क्यासह घेऊन ठेवावे, आणि यापुढे जे काही देखरेखीखालील काम ती करील त्याची तारीख, तास, कामाचे स्वरूप आणि वरिष्ठांची सही यांसह नोंदवही ठेवावी. रुग्णाचे नाव मात्र त्या नोंदवहीत कोठेही लिहू नये.